एडिंबऱ्याला नाटक न्यायचंय? मग आधी तिथला जुलै समजून घ्या

पुण्यातल्या एका प्रायोगिक नाट्यसंस्थेने विचारलंय. नाटक पावणेदोन तासांचं, मध्यंतर नाही. नऊ कलाकार, दोन वादक. सेट वाड्याचा: मधोमध वरून टांगलेला झोपाळा, कोपऱ्यात तेवती समई, शेवटच्या प्रवेशात गुलाल. पुढच्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरा फ्रिंज या महोत्सवात प्रयोग करायचे आहेत. शहराची तयारी कधी सुरू होते, आपण किती दिवस आधी पोचायचं, आणि आधी एकदा जाऊन हॉल बघून येता येईल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. हॉल बघता येणार नाही. तुम्ही फेब्रुवारीत ज्या थिएटरसाठी करार कराल ते थिएटर तेव्हा नसतंच. त्या जागी शरीररचनेचा नाहीतर अर्थशास्त्राचा तास चालू असतो. मी उन्हाळ्यात इथल्या विद्यापीठाच्या इमारतींत उभ्या राहणाऱ्या हॉलांचं तांत्रिक काम बघतो. त्याआधी पुण्या-मुंबईत बॅकस्टेज करत मोठा झालो. ‘नाटक नेऊ आणि तिथे लावू’ ही आपली दौऱ्याची पद्धत इथे चालत नाही. अजून न बांधलेल्या हॉलसाठी, तोही दिवसाला सात-आठ नाटकांनी वाटून घेतलेल्या हॉलसाठी, नाटक पुण्यातच बसवून यायचं. बाकी सगळं या एका गोष्टीतून निघतं.

मुळात ऑगस्टमध्ये इथे एकच महोत्सव नसतो. 1947 मध्ये महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, आणि त्याच वर्षी आमंत्रण नसताना आठ नाट्यसंस्था येऊन थडकल्या. शहराच्या कडेकडेने त्यांनी स्वतःच्या हिमतीवर प्रयोग केले. तीच फ्रिंज. आजही तिला निवड समिती नाही: जागा मिळवा, नोंदणी करा, प्रयोग लावा. शिवाय किल्ल्यासमोरचा मिलिटरी टॅटू (लष्करी बँडांचा सोहळा), पुस्तकांचा महोत्सव, चित्रपटांचा, चित्रकलेचा. 2019 मध्ये एकट्या फ्रिंजमध्ये 3,841 कार्यक्रम झाले, 323 ठिकाणी, आणि तिकिटं गेली तीस लाखांच्या वर. शहराची वस्ती साधारण पाच लाख. निवड समिती नाही हे ऐकून आपल्याकडच्या संस्थांना हायसं वाटतं. मला वाटतं, तिथेच गाफीलपणा सुरू होतो. चाळणी असते, फक्त ती नाटकाच्या गुणवत्तेची नसते. जागा, पैसा आणि वेळ यांची असते. मोठ्या व्हेन्यूंचे, म्हणजे हॉल चालवणाऱ्या संस्थांचे, कार्यक्रम-प्रमुख तर चक्क निवड करतातच.

आता एवढे हॉल येतात कुठून? खरी नाट्यगृहं इथे मोजकी. लायसियम, फेस्टिव्हल थिएटर, प्लेहाऊस यांच्या तारखा बव्हंशी आंतरराष्ट्रीय महोत्सवाकडे जातात. ट्रॅव्हर्स स्वतःच्या निवडीवर चालतं. उरलेले जवळजवळ सगळे हॉल वर्षातले अकरा महिने दुसरंच काहीतरी असतात. विद्यापीठाच्या परीक्षा मेमध्ये संपतात आणि जॉर्ज स्क्वेअर, ब्रिस्टो स्क्वेअरच्या भोवतीचे वर्ग रिकामे होतात. माउंडवरच्या असेंब्ली हॉलमध्ये मेमध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडची महासभा भरते. 1999 पासून 2004 पर्यंत स्कॉटलंडची नवी संसदही इथेच बसायची. ऑगस्टमध्ये तो नाटकवाल्यांचा. मॅकइवन हॉलच्या भव्य घुमटाखाली जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पदवीदान समारंभ चालू असतात. झगे घातलेली पोरं आई-बापांबरोबर फोटो काढून बाहेर पडली की मगच आमचे ट्रक आत येतात. म्हणजे शहराची तयारी कागदावर जानेवारीत सुरू झाली, तरी हातोडा पडतो तो जुलैच्या मध्याला. सर्कसचे, जादूवाल्यांचे, हास्यकलाकारांचे, तुमचे, सगळ्यांचे हॉल दोन-अडीच आठवड्यांत उभे करायचे. तारीख पुढे ढकलता येत नाही, कारण फ्रिंज ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी संपते, म्हणजे इंग्लंडच्या बँक हॉलिडेला, आणि मागे मोजत गेलं की सुरुवात ठरते. 2025 मध्ये ती 1 ते 25 ऑगस्ट होती, 2026 साठी 7 ते 31 ऑगस्ट.

वर्गाचा हॉल कसा होतो ते नीट सांगतो. तुमच्या नेपथ्यकाराने हे वाचायलाच हवं.

आधी जमिनीवर संरक्षक पत्रे घालतात, कारण ती फरशी विद्यापीठाची असते आणि ओरखड्याचे पैसे पडतात. मग ॲल्युमिनियमच्या ट्रसची, म्हणजे जाळीदार तुळयांची, चौकट उभी राहते. छताला काही म्हणजे काही टांगता येत नाही, म्हणून जमिनीवरून खांब उभे करून त्यावर आडव्या ट्रस घालायच्या. दिवे त्यांना लागतात. वर्गाची उंची बेताची, त्यामुळे दिवे डोक्याच्या फार वर नसतात. उंच नटाने हात वर केला तर बोटं दिव्याला लागतील की काय असं वाटतं. मग चारी बाजूंनी काळे पडदे. मागच्या पडद्यामागे फळा असतो, त्यावर कधीकधी कोणाची तरी समीकरणंही असतात. समोर पायऱ्यापायऱ्यांचा लोखंडी मंच करून खुर्च्या मांडतात आणि खुर्च्या एकमेकींना प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधतात, म्हणजे पळापळीत एखादी वाटेत आडवी पडणार नाही. मग डिमर, वायरिंग, आणीबाणीचे दिवे, बाहेर जायच्या वाटांचे हिरवे फलक. शेवटी तपासणी. जाहीर नाट्यप्रयोगाच्या जागेला नगरपालिकेचा परवाना लागतो. आग, बांधकाम, वीज यांचे कागद पुरे झाल्याशिवाय पहिला प्रेक्षक आत येत नाही. आम्ही रात्री दोनला कापड ताणत असतो आणि सकाळी दहाला तपासनीस दारात असतात, हे दर वर्षीचं आहे.

आता तुमचा झोपाळा. तो जमणार नाही. ट्रसवर किती वजन, कुठे, याचा हिशेब इंजिनिअरने सही करून दिलेला असतो आणि तो दिव्यांचा असतो, स्थिर वजनाचा. झोके घेणारा माणूस म्हणजे हलतं वजन. त्यासाठी वेगळी रचना, वेगळी सही आणि वेगळे पैसे लागतील. ते सगळं करून परवानगी मिळालीच, तरी तुमच्या आधी तिथे कोणाचं तरी नृत्य आहे आणि नंतर कोणाचं तरी विनोदी एकपात्री. तुमच्या कड्या ट्रसवर लोंबकळत ते ठेवणार नाहीत. जमिनीवर उभी राहणारी झोपाळ्याची चौकट आणावी असं मनात येईल. ठेवणार कुठे? हॉलमागे प्रत्येक नाटकाला सामान ठेवायला जी जागा मिळते, तिथे दोन माणसं गप्पा मारत उभी राहिली तर तिसऱ्याला अडचण होते. माझा सल्ला: एक पाट, दोन दोर नटीच्या हातात, आणि कड्यांची करकर ध्वनिमुद्रित. तिच्या पायाच्या ठेक्यावर झोका दिसतो. आपल्या प्रायोगिक रंगभूमीने याहून अवघड गोष्टी रिकाम्या मंचावर दाखवल्या आहेत. तुळया, दिंडी दरवाजा, तुळशीवृंदावन हे सगळं पुण्यातच राहू द्या. विमानाच्या बॅगांत जेवढं बसतं तेवढाच तुमचा सेट.

समईचंही तेच. उघडी ज्योत आधी लेखी कळवावी लागते, आणि तात्पुरत्या हॉलमध्ये बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच येतं. त्यावर वाद घालू नका. डिसेंबर 2002 मध्ये काउगेटला लागलेल्या आगीत गिल्डेड बलून या फ्रिंजच्या व्हेन्यूची मूळ जागा भस्मसात झाली, हे इथे कोणी विसरलेलं नाही. धूम्रपानबंदी 2006 मध्ये आली आणि नटांनाही सूट मिळाली नाही. त्याच ऑगस्टमध्ये मेल स्मिथ हे ब्रिटिश विनोदी नट इथे चर्चिलची भूमिका करत होते आणि सिगार पेटवला तर हॉलचा परवाना जाईल असं नगरपालिकेने बजावलं. चर्चिलला जिथे सिगार मिळाला नाही तिथे आपल्या समईचं काय! बॅटरीवर हलणाऱ्या ज्योतीचे दिवे मिळतात. समईच्या वातीच्या जागी ते नीट बसवून पुण्यातच रंगीत तालीम करा, म्हणजे प्रकाशयोजनाकाराला त्या उजेडाचा रंग जुळवून घेता येईल. उदबत्तीही नाही. कापडाचं म्हणाल तर मंचावर जे काही टांगाल, मग ती आजीची नऊवारी का असेना, त्यावर अग्निरोधक फवारा मारलेला असायला हवा आणि त्याचा कागद जवळ हवा. इथे कोपऱ्याला ज्योत लावून बघतात. पेट घेतला की कापड बाहेर.

गुलालाची अडचण आगीची नाही, झाडण्याची आहे.

दोन प्रयोगांमधली पंधरा मिनिटं हेच फ्रिंजचं खरं यंत्र आहे. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेत घड्याळ लावून सेट लावलेला ज्याने बघितलाय त्याला ही घाई ओळखीची वाटेल. फरक एवढाच की इथे ती रोज, तीनेक आठवडे असते आणि तुमच्या मागे-पुढे वेगवेगळ्या देशांचे लोक असतात. आधीच्या नाटकाचे दिवे विझले की प्रेक्षक बाहेर पडायला चार मिनिटं. त्यांच्या मागोमाग त्या नाटकाची मंडळी स्वतःचं सामान उचलून मागे नेतात, आणि दारात तुमची मंडळी सामान घेऊन उभी असतात. त्या अरुंद वाटेत कोण आधी, हे पहिल्या दिवशी ठरलेलं बरं. आमचा एक माणूस झाडू घेऊन धावतो. तुमचा रंगमंच-व्यवस्थापक जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणा शोधतो. प्रत्येक नाटकाला वेगळा रंग दिलेला असतो, तुमचा समजा पिवळा. दिव्यांच्या बोर्डवर तुमची फाइल उघडते, दोन दिवे वळवून जागेवर आणले जातात, माइकमध्ये कोणी तरी ‘एक-दोन’ म्हणतो, उपशीर्षकांचा प्रोजेक्टर पडद्यावर सरळ बसतोय का ते बघतात. वॉकी-टॉकीवर ‘हॉल तयार?’ असं विचारणं येतं आणि दारं उघडतात. यात गुलाल कुठे झाडायचा? पुढच्या बाईंचा पांढरा पोशाख आहे. अनेक करारांत वेळेबाहेर गेल्यास मिनिटामागे दंड असतो, आणि तो पैशांपेक्षा शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर जास्त जाणवतो. शेवटच्या प्रवेशाला लाल कापडाच्या चिंध्या किंवा नुसता प्रकाश वापरा.

याच हिशेबात तुमचा पावणेदोन तास येतो. इथला साधारण स्लॉट तासाभराचा. पावणेदोन तासांसाठी जवळपास दोन स्लॉट घ्यावे लागतील, भाडं त्याप्रमाणे, आणि दिवसाला तीन-चार कार्यक्रम बघायला निघालेला प्रेक्षक लांबलचक नाटकाचं तिकीट काढताना कचरतो. मला विचाराल तर नाटक पंचावन्न मिनिटांवर आणा. कापाकापी करू नका, लेखकाला बसवून नवी संहिताच करून घ्या. कापलेलं नाटक कापलेलंच दिसतं. हे काम डिसेंबरच्या आत संपायला हवं, कारण व्हेन्यूला अर्ज करताना लांबी सांगावी लागते आणि मग ती बदलत नाही.

प्रकाशयोजनेबद्दल थोडक्यात. दिवे हॉलमधल्या सगळ्या नाटकांना सामाईक असतात. सरसकट उजेड, दोन-तीन रंग, मागून थोडा, आणि वर तुमच्या हक्काचे एक-दोन दिवे. ‘या स्पॉटला अंबर, त्या स्पॉटला अठ्ठावीस नंबर’ असं मागत बसू नका. जूनमध्ये व्हेन्यू हॉलचा प्लॅन आणि दिव्यांची यादी पाठवतं. त्यावरून क्यू (दिवे-आवाज बदलायच्या खुणा) लिहून, संगणकात बसवून, पेन ड्राइव्हवर दोन प्रती घेऊन या. तांत्रिक तालमीला काही तासच मिळतात, कदाचित रात्री अकराला किंवा पहाटे. त्यात नाटक करायचं नसतं, एका क्यूवरून दुसऱ्या क्यूवर उड्या मारायच्या असतात. नटांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ज्येष्ठ मंडळी रुसतात. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, पण प्लग चौकोनी पिनांचा, आणि तुम्ही आणलेलं प्रत्येक विजेचं उपकरण तपासून त्यावर शिक्का लागल्याशिवाय सॉकेटमध्ये जात नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरासुद्धा.

भाषेची काळजी तुमच्या पत्रात तीनदा आली आहे. ती एवढी करू नका. 1987 मध्ये इंफाळच्या कोरस रेपर्टरीचं रतन थिय्याम दिग्दर्शित ‘चक्रव्यूह’ इथे आलं, मणिपुरी भाषेत, आणि त्याला ‘द स्कॉट्समन’ दैनिकाचा फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. उपशीर्षकं मात्र धड हवीत. ती प्रेक्षकाला मान न वळवता दिसली पाहिजेत, म्हणजे या बुटक्या हॉलमध्ये नटांच्या मागे, खांद्याच्या जरा वर. संपूर्ण वाक्यं नकोत, अर्ध्यात आटपा. आणि चालवणारा माणूस नाटक पाठ असलेला हवा, कारण नट एखादं वाक्य गाळतोच.

आता कागद आणि पैसा. यात क्रम समजून घेणं महत्त्वाचं, कारण क्रम तुमच्या सोयीचा नाही. जागेसाठी बोलणी साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. फ्रिंजचं कामकाज बघणाऱ्या फ्रिंज सोसायटीकडे नोंदणी वसंतात बंद होते, कारण जूनच्या सुरुवातीला पूर्ण कार्यक्रमपत्रिका जाहीर होते. व्हेन्यूची अनामत, नोंदणी शुल्क, राहायची आगाऊ रक्कम हे सगळं एप्रिलपर्यंत गेलेलं असतं. आणि व्हिसा? ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज करता येतो, त्याआधी नाही. म्हणजे मे उजाडल्याशिवाय नऊ नट आणि दोन वादकांतला कोण येऊ शकेल हे कळणार नाही, आणि पैसे तर भरून झाले. एक चांगली गोष्ट: एडिंबरा फ्रिंज ‘परमिट फ्री’ महोत्सवांच्या सरकारी यादीत आहे, त्यामुळे कलाकार म्हणून येऊन मानधन घ्यायला वेगळा कामाचा परवाना लागत नाही, व्हिजिटर व्हिसा चालतो. व्हेन्यूचं पत्र, कार्यक्रमपत्रिकेतली नोंद, संस्थेची कागदपत्रं आणि प्रत्येकाची परतीची कारणं नीट लावून, सगळ्यांनी एकाच आठवड्यात अर्ज करा. नाटकातल्या दोन तरी भूमिका दुसऱ्या कोणाला येत असलेल्या बऱ्या. नऊचे सात झाले तर प्रयोग रद्द होऊ नये, अशीच पंचावन्न मिनिटांची संहिता लिहून घ्या, एका दगडात दोन पक्षी.

तिकिटांच्या पैशात बहुतेक व्हेन्यू साधारण चाळीस टक्के ठेवतात आणि साठ तुम्हाला देतात. पण त्याआधी 20 टक्के व्हॅट आणि तिकीट-विक्रीचं कमिशन निघतं, आणि बऱ्याच करारांत किमान हमी रक्कम असते, तेवढा गल्ला झाला नाही तर फरक तुम्ही भरायचा. परदेशी कलाकारांच्या देय रकमेतून कर कापून घेण्याचा नियमही आहे. खर्च दाखवून तो कमी करून घेता येतो, पण अर्ज आधी करावा लागतो, नंतर नाही. हिशेब महोत्सव संपल्यावर काही आठवड्यांनी हातात येतो. या दौऱ्यातून पैसे सुटतील असं कोणी सांगत असेल तर त्याला अंदाजपत्रक दाखवायला सांगा. हा दौरा लोकांनी बघावं, पुढची आमंत्रणं यावीत यासाठी करायचा असतो, आणि तेवढी पुंजी आधी उभी असेल तरच करायचा.

सगळ्यात मोठा आकडा राहण्याचा. इथे शहराच्या तयारीची दुसरी, जरा कडू बाजू दिसते. पूर्वी विद्यार्थ्यांचे भाडेकरार उन्हाळ्यात संपायचे आणि ते फ्लॅट ऑगस्टपुरते नाटकवाल्यांना मिळायचे. डिसेंबर 2017 पासून स्कॉटलंडमध्ये नव्या भाडेकायद्याने मुदतीचे करार गेले. भाडेकरूला मुदत संपली म्हणून काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे, पण ते फ्लॅट ऑगस्टच्या बाजारातून निघून गेले. त्यात अल्पकालीन भाड्यासाठी परवाना सक्तीचा झाला. जुन्या घरमालकांना ऑक्टोबर 2023 पर्यंत अर्ज करायचे होते, आणि अनेकांनी नादच सोडला. इथल्या रहिवाशांची बाजू घेतली तर हे सगळं रास्त आहे. वर्षभर सुटकेसच्या चाकांची खडखड ऐकत जिन्यात राहणं सोपं नाही. पण फटका बसतो तो तुमच्यासारख्यांना. 2025 च्या ऑगस्टमध्ये तर मरेफिल्ड स्टेडियमवर ओएसिस या रॉक बँडचे कार्यक्रम 8, 9 आणि 12 तारखेला आले आणि त्या दिवसांचे भाव ऐकून माणूस गप्प बसायचा. शिवाय 24 जुलै 2026 पासूनच्या मुक्कामांवर पर्यटक-कर आहे, पहिल्या पाच रात्रींपर्यंत भाड्याच्या 5 टक्के. तेव्हा अकरा जणांची सोय फेब्रुवारीच्या आत करा. विद्यापीठाची वसतिगृहं बघा. लीथ या बंदराच्या भागाकडे बघा, ट्राम आता न्यूहेवनपर्यंत जाते. ग्लासगोहून रोज ये-जा करायचा मोह आवरा. रेल्वेने तासाभराच्या आतच आहे, पण रात्रीचा प्रयोग, शेवटची गाडी आणि उतरवलेला मेकअप यांचं जमत नाही. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. अकरा जणांनी रोज बाहेर जेवायचं तर अंदाजपत्रक कोलमडतं, आणि दुसऱ्या आठवड्यात वरण-भाताशिवाय नटांचा आवाज चालत नाही असा माझा पक्का समज आहे.

रस्त्यांचं गणितही आधी कळलेलं बरं. रॉयल माइलचा हाय स्ट्रीट ऑगस्टमध्ये वाहनांना बंद करून रस्त्यावरच्या कलाकारांना देतात, बसचे मार्ग वळतात, अडथळ्यांचे लोखंडी ठोकळे येतात. किल्ल्यासमोरच्या मैदानात टॅटूसाठी दर उन्हाळ्यात नवी प्रेक्षागृहं उभी राहतात, आणि रात्री तिथून आठ हजारांवर माणसं एकदम खाली उतरतात. त्या वेळी लॉनमार्केटमधून तुम्ही पेटी-तबला घेऊन उलट्या दिशेने निघालात तर पोचलात म्हणायचं. जुनं शहर दोन मजली आहे हे नकाशावर दिसत नाही: काउगेट खाली, त्यावरून जॉर्ज चौथ्याचा पूल. नकाशात चिकटलेले दोन हॉल प्रत्यक्षात सत्तर-ऐंशी पायऱ्यांनी वेगळे असतात. आणि कचरा. ऑगस्ट 2022 मध्ये ऐन महोत्सवात सफाई कामगारांचा संप जवळपास दोन आठवडे चालला आणि शहराच्या तयारीतलं सगळ्यात कमी पगाराचं काम कोणतं, हे पाहुण्यांनाही कळलं. तुमच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांचा निम्मा भाग शेवटी त्याच डब्यांत जातो. दहा हजार छापू नका.

जाहिरातीबद्दल मी जास्त बोलत नाही, ते माझं काम नाही. रॉयल माइलवर पत्रकं वाटताना नट वेशात असले तर लोक थांबतात, एवढं रोज दिसतं. छत्री मात्र हवीच. इथला ऑगस्ट म्हणजे दुपारी अठरा-एकोणीस अंश, आणि समुद्रावरून ‘हार’ नावाचं धुकं आलं तर त्याहून कमी. नऊवारीखाली लोकरीचे मोजे घातलेले मी बघितले आहेत, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

कधी पोचायचं? तांत्रिक तालीम बहुतेक उद्घाटनाच्या आधीच्या तीन-चार दिवसांत असते, आणि बुधवार-गुरुवारी स्वस्त तिकिटांचे पूर्वप्रयोग होतात. तांत्रिक तालमीच्या चार दिवस आधी या. दोन दिवस झोप आणि घसा जागेवर यायला, एक दिवस शहर पायाखाली घालायला, एक दिवस कुठल्यातरी चर्चच्या खोलीत तालीम करायला. त्याहून आधी येऊन उपयोग नाही. तेव्हा आम्ही शिडीवर असतो, तुम्हाला आत घेणार नाही.

पूर्ण महिना घ्यावा की आठवडा? पहिल्याच खेपेला पूर्ण महिना घेऊ नका. काही व्हेन्यू आठवड्याचे स्लॉट देतात. त्यातला पहिला किंवा दुसरा आठवडा मागा. समीक्षक तेव्हा ताजेतवाने असतात, आणि परीक्षण आलं तर त्याचा फायदा घ्यायला दिवस उरतात. स्कॉटलंडमधल्या शाळा ऑगस्टच्या मध्याला उघडतात, त्यानंतर स्थानिक कुटुंबं कमी होतात, पण तुमचं नाटक मुलांचं नाही, तेव्हा तो मुद्दा फारसा लागू नाही. वेळ दुपारी दोन ते संध्याकाळी सहाच्या मधली घ्या. रात्री नऊनंतर विनोदवीरांचं राज्य असतं, आणि पातळ पडद्यापलीकडून आलेल्या हशाने तुमचा शेवटचा प्रवेश गेलाच म्हणून समजा. करार करताना हे लेखी विचारा: शेजारच्या हॉलमध्ये त्याच वेळी काय आहे? जागा बघता येत नाही, पण शेजार विचारता येतो, आणि फार थोड्या संस्था तो विचारतात.

व्हेन्यूकडून हॉलचं मोजमाप आणि कराराचा मसुदा आला की सही करायच्या आधी दोन्ही मला दाखवा. दारं कुठे आहेत, सामानाची जागा दाराच्या कोणत्या बाजूला आहे आणि उपशीर्षकांचा पडदा कुठे बसेल, एवढं बघून सांगतो.